हुशार मुलांची सीट नेमकी कुठे हुकते? (नागपूर : इंजिनीअरिंग आणि मेडिकल प्रवेश)

धरमपेठची_मुक्ता | सोमवार, सकाळी ९:४०

निकालाच्या आठवड्यात नागपुरात घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं : 'पोराला ९९ पर्सेंटाइल, तरी हवी ती सीट नाही.' त्यानंतरचं वाक्य हमखास आरक्षणावर जातं आणि चर्चा तिथेच संपते. ते दुसरं वाक्य जरा बाजूला ठेवून बोलता यावं म्हणून हा धागा काढतेय.

माझं म्हणणं असं की वरच्या गुणांच्या मुलांचं सर्वांत मोठं नुकसान प्रवेशाच्या वेळी होतच नाही. ते दहावीच्या सुट्टीत होतं, अकरावी-बारावी कुठून करायची हे ठरवताना. तेव्हा क्लासच्या काउंटरवर फी, बॅच, होस्टेल, सगळं समजावून सांगतात. बारावी दुसऱ्या राज्यातून दिली तर कुठले कोटे हातचे जातील, हे मात्र कोणी सांगत नाही.

उदाहरण व्हीएनआयटीचं, म्हणजे नागपूरच्या एनआयटीचं. एनआयटीच्या निम्म्या जागा होम स्टेटच्या मुलांसाठी आणि निम्म्या इतर राज्यांच्या. पण जोसामध्ये (आयआयटी, एनआयटी, ट्रिपल आयटी यांची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) होम स्टेट ठरतं ते बारावी पहिल्यांदा कुठल्या राज्यातून दिली त्यावरून. डोमिसाइल, जन्मगाव, आईवडिलांचं घर यांचा तिथे संबंध नाही. बजाजनगरात वाढलेल्या मुलाचं नाव बारावीला राजस्थानातल्या कोटा शहरातल्या शाळेत असेल, तर घरापासून दोन किलोमीटरवरच्या व्हीएनआयटीत तो राजस्थानचा उमेदवार धरला जातो. मग त्याला स्पर्धा 'अदर स्टेट'मध्ये, देशभरातल्या मुलांशी. त्याचं होम स्टेट होतं जयपूरचं एमएनआयटी, जिथे त्याला कदाचित जायचंच नाही.

बुटीबोरीच्या ट्रिपल आयटीला हे लागू नाही, तिथल्या जागा अखिल भारतीय आहेत. म्हणून ज्यांना नागपुरातच राहायचं आहे त्यांनी या दोन संस्थांचा हिशेब वेगवेगळा मांडावा. जोसाच्या साइटवर मागच्या वर्षांचे ओपनिंग-क्लोजिंग रँक आहेत. एचएस (होम स्टेट) आणि ओएस (अदर स्टेट) या दोन ओळी शेजारी ठेवून आपल्या शाखेला किती फरक पडतो ते बघा. काही शाखांना फरक किरकोळ असतो, काहींना हजारोंचा.

मेडिकल_चौक | सोमवार, सकाळी ११:०५

मुक्ताताई, इंजिनीअरिंगला निदान पर्याय तरी उरतो. मेडिकलमध्ये हीच चूक फार महाग पडते.

महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांच्या ८५ टक्के जागा राज्य कोट्याच्या. त्यासाठी डोमिसाइल लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण असावी लागते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मुलं आणि असे काही ठरलेले अपवाद आहेत, पण क्लाससाठी बाहेर गेलो हा अपवाद नाही. बारावी राजस्थान किंवा तेलंगणातून दाखवली की नागपूरचं मेडिकल, मेयो, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया, सगळीकडच्या ८५ टक्के जागांतून नाव बाद. उरतो १५ टक्के अखिल भारतीय कोटा. मिहानमधलं एम्स अखिल भारतीयच आहे, त्यामुळे तिथे फरक पडत नाही, पण तिथला कटऑफ कुठे असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि ज्या राज्यातून बारावी केली ते राज्य आपल्या कोट्यात घेईलच असं नाही. त्यांचेही रहिवासाचे नियम असतात. म्हणजे मूल दोन्ही राज्यांच्या मधे लटकतं.

दुसरा मुद्दा विदर्भाचा. सप्टेंबर २०२० पर्यंत राज्याच्या मेडिकल प्रवेशात ७०:३० सूत्र होतं : विदर्भातल्या कॉलेजांच्या ७० टक्के जागा विदर्भातून बारावी केलेल्यांना, ३० टक्के उर्वरित राज्याला. मराठवाड्यात सरकारी कॉलेजं कमी, म्हणून तिथली मुलं जास्त गुण मिळवूनही मागे राहायची, ही त्यांची जुनी तक्रार होती आणि ती खरी होती. सूत्र रद्द झालं. त्यानंतर नागपूर मेडिकलच्या जागेसाठी लातूर, नांदेड, पुणे, मुंबई, सगळे एकाच यादीत. बरेच पालक अजून २०२० च्या आधीचे कटऑफ मनात धरून बसतात. ते आकडे आता निरुपयोगी आहेत.

स्पष्टवक्ता२२ | सोमवार, दुपारी १:३०

हे सगळं मान्य. पण मूळ प्रश्न टाळू नका. ९९ वाल्याला मिळत नाही आणि ९५ वाल्याला मिळते, याला न्याय म्हणायचं का? गुणवत्ता एकाच पट्टीने मोजा, विषय संपला.

संख्यारेषा | सोमवार, दुपारी ४:१५

स्पष्टवक्ता, तुमची पट्टी किती बारीक मोजते, ते आधी पाहू. आरक्षणाचा विषय क्षणभर सोडा, एकाच प्रवर्गातल्या दोन मुलांबद्दल बोलू.

एमएचटी-सीईटी, म्हणजे राज्याची इंजिनीअरिंगची प्रवेश परीक्षा. तिचा पीसीएम गट २०० गुणांचा. भौतिक आणि रसायनचे ५०-५० प्रश्न प्रत्येकी एका गुणाचे, गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे. निगेटिव्ह मार्किंग नाही. परीक्षा अनेक दिवस, सकाळ-दुपारच्या सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. म्हणून थेट गुण न वापरता त्या सत्रातला पर्सेंटाइल काढतात : तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळवणारे किती, भागिले सत्रातले एकूण, गुणिले १००. सात दशांश स्थळांपर्यंत. एकूण पर्सेंटाइल हा तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी नसतो, तो एकूण गुणांवरून स्वतंत्र काढतात. या एका गैरसमजातून दरवर्षी 'माझा निकाल चुकला' अशा शेकडो तक्रारी उठतात.

ही पद्धत एका गृहीतकावर उभी आहे : प्रत्येक सत्रात हुशार मुलांचं प्रमाण सारखं असतं. मुलांना सत्र यादृच्छिकपणे दिलं तर ते साधारण खरं ठरतं. साधारण म्हणजे किती, तेही मोजता येतं. समजा एका सत्रात १५,००० मुलं आणि एकूण परीक्षार्थी ४ लाख. ९९ पर्सेंटाइलच्या वर असायला हवीत १५० मुलं. पण यादृच्छिक वाटपात हा आकडा नेमका १५० येत नाही, तो १५० च्या वर्गमुळाएवढा, म्हणजे सुमारे १२ ने सहज इकडेतिकडे होतो. १५,००० मधले १२ म्हणजे ०.०८ पर्सेंटाइल. चार लाखांच्या यादीत ०.०८ टक्के म्हणजे ३२० क्रमांक. मुलाने काहीही वेगळं न करता, केवळ कुठलं सत्र वाट्याला आलं यावर.

९९.९ च्या जवळ सत्रात १५ मुलं, वर्गमूळ जवळपास ४, म्हणजे शंभरेक क्रमांकांचा फरक.

त्यामुळे ९९.१२ आणि ९९.०५ मधला फरक हा गुणवत्तेचा फरक आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. यादी कुठेतरी कापावी लागते, ती तिथे कापली जाते, एवढंच. बरोबरी झाली तर आधी गणिताचा पर्सेंटाइल बघतात, मग भौतिक, मग रसायन. हा नियम आधीपासून छापील असतो, सगळ्यांना सारखा लागतो. माझ्या लेखी न्याय तो इतकाच : नियम आधी माहीत असणं आणि सगळ्यांना सारखा लागणं. आकडा स्वतः इतका अचूक नाही की त्याच्यावर हक्क सांगावा.

स्पष्टवक्ता२२ | सोमवार, दुपारी ४:५०

०.०८ समजलं. ४ पर्सेंटाइलचा फरक वर्गमुळाने भरून निघत नाही.

रामटेककर | सोमवार, संध्याकाळी ७:२०

बरोबर, नाही निघत. ४ पर्सेंटाइलचा फरक हा धोरणाचा निर्णय आहे, तो राज्याने जाणीवपूर्वक घेतलेला आहे. घरात पिढ्यान्‌पिढ्या पुस्तक नव्हतं त्या घरातल्या ९५ आणि तिसऱ्या पिढीच्या इंजिनीअरच्या घरातल्या ९९ मध्ये जास्त अंतर कोणी कापलं, हा प्रश्न सीईटीचा पेपर विचारत नाही. म्हणून तो धोरणाला विचारावा लागतो. तुम्हाला धोरण मान्य नसेल, तो तुमचा हक्क. पण ९९ वाल्याच्या जागा कुठे जातात त्याची मोजणी तरी पूर्ण करा.

खासगी विनाअनुदानित कॉलेजात १०० जागांची शाखा धरा. २० जागा इन्स्टिट्यूट लेव्हल, म्हणजे संस्था स्वतःच्या पातळीवर भरते. त्यांचीही गुणवत्ता यादी लावायची असते, पण त्या कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्यांच्या बाहेर. कॉलेजला अल्पसंख्याक दर्जा असेल तर ५१ टक्के जागा त्या समाजासाठी. म्हणजे अशा कॉलेजात ७१ जागांवर सामाजिक आरक्षणाचा प्रश्नच येत नाही. तरीही चर्चेत त्या ७१ कधी येत नाहीत.

राखीव प्रवर्गातलं मूल खुल्या यादीत बसत असेल तर त्याला खुली जागा मिळते, त्याने 'दोन ठिकाणी जागा अडवली' असं होत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मध्य प्रदेशातल्या एमबीबीएस प्रवेशांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितलं : राखीव उमेदवार स्वतःच्या गुणांवर खुल्या जागेला पात्र असेल तर त्याला ती नाकारता येणार नाही. खुला म्हणजे सर्वांना खुला.

आता कटऑफची पीडीएफ वाचायची कशी, कारण निम्मे वाद ती चुकीची वाचल्याने होतात. जी-ओपन-एच, एल-ओपन-ओ, जी-ओबीसी-एस असे स्तंभ असतात. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वांसाठी, एल म्हणजे मुलींसाठीच्या ३० टक्क्यांतली. मधे प्रवर्ग. शेवटचं एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे त्याबाहेरची, एस म्हणजे राज्यस्तर. प्रत्येक चौकोनात वर मेरिट क्रमांक आणि खाली कंसात पर्सेंटाइल. पालक एआयचा (अखिल भारतीय जागा) किंवा टीएफडब्ल्यूएसचा (फी-माफीच्या जागा) आकडा आपलाच समजून बसतात. स्वतःचा स्तंभ ठरवा आणि तेवढाच तीन वर्षांचा, फेरीनिहाय उतरवून घ्या. तेही मेरिट क्रमांकाने. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र जुन्या क्रमांकांवर फार विसंबू नका : एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) २०२४-२५ पासून चांगल्या संस्थांच्या जागांवरची वरची मर्यादा काढली, बऱ्याच कॉलेजांनी तुकड्या वाढवल्या आणि मागच्या क्रमांकांनाही जागा मिळू लागली.

वैनगंगा | सोमवार, रात्री ९:५५

रामटेककर, एच आणि ओ चा मुद्दा तुम्ही एका ओळीत उरकला. नागपूरबाहेरच्या मुलांसाठी तोच सगळ्यात मोठा.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या हद्दीत नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे चार जिल्हे. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं तेव्हा चंद्रपूर आणि गडचिरोली वेगळे झाले. म्हणजे नागपूरच्या ज्या कॉलेजात विद्यापीठनिहाय वाटप आहे, तिथल्या ७० टक्के जागा त्या चार जिल्ह्यांच्या, आणि ब्रह्मपुरीतून बारावी केलेलं मूल उरलेल्या ३० टक्क्यांत, पुण्या-मुंबईच्या मुलांसोबत. ब्रह्मपुरीहून नागपूर जवळ, भंडारा त्याहून जवळ, तरी यादी वेगळी. होम युनिव्हर्सिटी धरतात ती बारावीचं कॉलेज कुठे आहे त्यावरून. म्हणून ज्यांची ऐपत आहे ते पोराला अकरावीलाच नागपुरात टाकतात आणि एच होतात. ज्यांची नाही त्यांचं पोर ओ मध्ये राहतं.

तुम्ही सगळे 'नियम आधी माहीत असणं म्हणजे न्याय' म्हणता. देसाईगंजच्या शाळेत हा नियम कोणी सांगितला? माहिती ज्याच्या दारात येते त्याच्यासाठीच तो न्याय आहे.

संख्यारेषा | सोमवार, रात्री १०:३०

वैनगंगा, हे मान्य करावंच लागेल. माझं वाक्य अपुरं होतं. नियम छापून साइटवर टाकला म्हणजे तो माहीत झाला असं नाही. माहिती पुस्तिका जाडजूड, त्यातही हा तक्ता परिशिष्टात, आणि ती येते प्रवेशाच्या तोंडावर. तोवर होम युनिव्हर्सिटी ठरून दोन वर्षं झालेली असतात.

अजनीवाला | मंगळवार, सकाळी ८:१०

कागदपत्रांवर कोणीच बोलून नाही राहिलं, म्हणून मी लिहितो. सीट जाते ती तिथंबी जाते भाऊ, आन् चांगल्या मार्कांच्या पोरांची जाते.

एक. ओबीसीचं राज्याचं नॉन-क्रीमीलेअर आन् केंद्राचं सर्टिफिकेट हे दोन वेगळे कागद आहेत. जोसाले केंद्राच्या नमुन्यातलंच लागते, तेबी त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं. मार्चमध्ये काढून ठेवलं तर ते बाद. लोकं आधीच काढून खुश होऊन राहिले, आन् रिपोर्टिंगच्या वेळी पोरगं ओपनमध्ये. १ एप्रिल उजाडला की त्याच आठवड्यात अर्ज टाका. जूनमध्ये सेतू केंद्रावर पाय ठेवायला जागा नसते.

दोन. राज्याच्या ओबीसी यादीत नाव आहे म्हणजे केंद्राच्या यादीत असेलच असं नाही. राज्यात व्हीजे, एनटी, एसबीसी असे वेगळे प्रवर्ग, केंद्रात हे प्रवर्गच नाहीत. जात केंद्राच्या यादीत असेल तर ओबीसी, नसेल तर जनरल. एनसीबीसीच्या (राष्ट्रीय मागासवर्ग आयोग) साइटवर महाराष्ट्राची यादी आहे, त्यात जातीचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून पाहा.

तीन. एसईबीसी, म्हणजे मराठा आरक्षण, फक्त राज्यात चालते, १० टक्के, २०२४ च्या कायद्याचं. जोसा, एम्स, अखिल भारतीय कोटा, तिथं चालत नाही. त्या घरच्या पोराले केंद्रासाठी ईडब्ल्यूएस काढता येते, पण केंद्राच्या ईडब्ल्यूएसले आठ लाखाच्या उत्पन्नासोबत मालमत्तेचीबी अट आहे : पाच एकर किंवा जास्त शेती, हजार चौरस फुटाचा किंवा मोठा फ्लॅट असला की नाही मिळत. राज्यात एसईबीसी आन् केंद्रात ईडब्ल्यूएस असे दोन कागद एकाच पोराचे असू शकतात. त्यात काही चूक नाही.

चार, सगळ्यात वेळखाऊ. जात वैधता. बारावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज टाकायचा, प्रवेशाच्या वेळी नाही. पावतीवर प्रवेश धरतात, पण दिलेल्या तारखेपर्यंत वैधता नाही आली तर पोरगं राखीवमधून खुल्यात जाते आन् सीट हातची जाते. काका, आत्या, सख्खा चुलत भाऊ, कोणाचीबी वैधता आधी झाली असेल तर तिची प्रत जोडा, काम लवकर होते.

मेडिकल_चौक | मंगळवार, सकाळी ९:००

अजनीवाला भाऊंच्या चौथ्या मुद्द्याला नागपुरात फार जुना संदर्भ आहे. हलबा-कोष्टी अनुसूचित जमातीत येतात का, हा वाद एका एमबीबीएस प्रवेशावरूनच सर्वोच्च न्यायालयात गेला. नोव्हेंबर २००० मध्ये निकाल आला : राष्ट्रपतींच्या आदेशातल्या जमातींच्या यादीत जे नाव आहे तेच, पुरावे देऊन त्यात पोटजात वाचता येणार नाही. त्या विद्यार्थ्याचं शिक्षण पूर्ण झालेलं असल्याने पदवीला धक्का लावला नाही. पण २०१७ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की दावा अवैध ठरला तर त्यावर घेतलेला प्रवेश किंवा नोकरी टिकवता येणार नाही. त्यामुळे 'आधी प्रवेश घेऊ, वैधतेचं पुढे बघू' हा सल्ला आज कोणी देत असेल तर ऐकू नका. चौथ्या वर्षाला पोहोचलेल्या मुलाची जागा जाणं, याहून मोठा आघात नाही.

धरमपेठची_मुक्ता | मंगळवार, सकाळी ११:४५

दादा, आता ऑप्शन फॉर्मवर कोणी नीट लिहाल का? नियम बदललेत आणि क्लासवाले अजून जुनेच सांगताहेत.

रामटेककर | मंगळवार, दुपारी ३:१०

लिहितो. हे शांतपणे वाचा, कारण वरच्या क्रमांकाच्या मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि ते कुणाच्याही कोट्यामुळे होत नाही.

आधी यंत्र कसं चालतं ते. कॅपमध्ये मेरिट यादीतल्या क्रमाने एकेक मूल घेतलं जातं. त्याच्या फॉर्ममधला पहिला पर्याय शिल्लक आहे का बघतात, नसेल तर दुसरा, मग तिसरा. शिल्लक दिसला की दिला. तुमच्या मागच्या क्रमांकाच्या मुलाने तो पर्याय पहिला टाकला होता की पन्नासावा, याने तुम्हाला काहीच फरक पडत नाही. म्हणून 'अवघड कॉलेज वर टाकलं तर सोपं हातचं जाईल' ही भीती निराधार आहे. वर टाकलेला न मिळणारा पर्याय नुसता ओलांडला जातो. तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. पंधरा-वीस भरून थांबणाऱ्या मुलांचं मला नवल वाटतं.

गफलत होते ती ऑटो-फ्रीझमुळे. २०२५-२६ पासून इंजिनीअरिंगच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलाही मिळाला तर घ्यावाच लागतो. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. चौथीत जे मिळेल ते. घेतला नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. आधी फक्त पहिल्या पर्यायाला हे बंधन होतं, आणि जुना सल्ला अजून त्यावरच चालतो.

याचा परिणाम असा. मुलगी १,८०० क्रमांकाची. तिला हवं पुण्याचं सीओईपी कॉम्प्युटर, नाही तर मुंबईचं व्हीजेटीआय कॉम्प्युटर. हे दोन लिहिले आणि तिसऱ्या जागेवर 'असू दे एक हातचं' म्हणून घराजवळचं कॉलेज टाकलं. पहिल्या फेरीत तेच तिसरं मिळालं, तिने बेटरमेंट (सीट राखून पुढच्या फेरीत वरचा पर्याय मागणं) निवडलं, तिथवर ठीक. दुसऱ्या फेरीतही तोच फॉर्म ठेवला. पुन्हा तिसरंच मिळालं, पण आता ते पहिल्या तिनात आहे. फ्रीझ. तिसऱ्या फेरीत सीओईपीचं इलेक्ट्रॉनिक्स किंवा व्हीजेटीआयचं आयटी तिच्या क्रमांकाला आलं तरी तिचा विचार होणार नाही.

म्हणून पहिल्या सहा जागा हातच्या कॉलेजसाठी वापरूच नका. तिथे खरोखर हवे तेच सहा, आपल्या आवडीच्या क्रमाने, मिळण्याची शक्यता कमी असली तरी. सातपासून पुढे क्रमांकाच्या आसपासचे, आणि शेवटी वीस-पंचवीस नक्की मिळणारे. प्रत्येक फेरीआधी फॉर्म बदलता येतो, तेव्हा तो पुन्हा उघडून पहिले तीन, पहिले सहा मोठ्याने वाचा आणि प्रत्येकापुढे विचारा : हे मिळालं तर आज जाऊन प्रवेश घेणार का? उत्तर 'बघू' असेल तर तो पर्याय खाली सरकवा.

स्पष्टवक्ता२२ | मंगळवार, दुपारी ४:००

हे माहीत नव्हतं. १,८०० वाल्या मुलीची जागा तिच्या स्वतःच्या फॉर्मने गेली, हे पटलं. आरक्षणावरचं माझं मत तेच आहे, पण या गोष्टींची बोंब त्याच्याइतकीच व्हायला हवी. जोसा आणि कॅप दोन्हींत नाव असेल तर पैसे कुठे भरायचे? दोन्हींच्या तारखा जुळत नाहीत.

रामटेककर | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

दोन्हींकडे भाग घ्या, कुठलाच नियम त्याला आड येत नाही. जोसात फ्रीझ, स्लाइड, फ्लोट असे तीन पर्याय. स्लाइड म्हणजे हीच संस्था पण वरची शाखा, फ्लोट म्हणजे वरच्या पसंतीची कुठलीही. व्हीएनआयटीतच राहायचं नक्की असेल तर स्लाइड, नाही तर फ्लोट. ठरलेल्या फेरीपर्यंत जोसातून माघार घेता येते, ती तारीख त्या वर्षीच्या वेळापत्रकात आधी शोधून भिंतीवर लावा. कॅपमध्ये कट-ऑफ तारखेच्या आत प्रवेश रद्द केला तर जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकी फी परत द्यावी लागते. कॉलेज 'सीट रिकामी राहिली म्हणून पूर्ण फी' म्हणत असेल तर ते नियमात बसत नाही. रद्द करण्याचा अर्ज ऑनलाइन पोर्टलवर करा आणि पोच काढा, तोंडी सांगून येऊ नका. मूळ टीसी अडवून ठेवण्याचाही अधिकार कॉलेजला नाही.

कॅपचा फॉर्म भरताना जेईई मेनचा अर्ज क्रमांक टाकायला विसरू नका. खासगी कॉलेजांत १५ टक्क्यांपर्यंत अखिल भारतीय जागा असतात, त्यांची यादी जेईई मेनच्या गुणांवर लागते आणि महाराष्ट्रातलं मूलही तिच्यात बसतं. सीईटीचा पेपर बिघडला पण जेईई चांगली गेली, अशा मुलांना हा दुसरा दरवाजा आहे.

संख्यारेषा | मंगळवार, रात्री ८:२०

पेपर बिघडण्यावरून : २७ एप्रिल २०२५ च्या सीईटी सत्रात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांच्या पर्यायांत चुका निघाल्या आणि त्या मुलांची फेरपरीक्षा ५ मे रोजी झाली. निर्णय योग्य होता. २१ प्रश्नांचे सरसकट गुण दिले असते तर त्या सत्राची वरची टोकं एकमेकांत मिसळली असती, १०० पैकी ४२ गुण सगळ्यांना सारखे. पण यातून शिकण्यासारखं हे की चूक मुलांनीच उचलून धरली. प्रश्नात चूक दिसली तर प्रश्न क्रमांक रफ कागदावर लिहून पर्यवेक्षकाच्या कानावर घाला. नंतर उत्तरतालिका आली की हरकतीची मुदत तीन-चार दिवसांचीच असते आणि प्रत्येक प्रश्नामागे शुल्क भरावं लागतं. ऐपत नसलेल्या मुलाने खऱ्या चुकीवर हरकत घेण्यासाठी पैसे का मोजावेत, आणि हरकत बरोबर ठरली तर ते परत का मिळू नयेत, याचं समाधानकारक उत्तर मला तरी दिसत नाही.

वैनगंगा | मंगळवार, रात्री ९:३०

आणखी एक, उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या सगळ्यांसाठी, प्रवर्ग कुठलाही असो. टीएफडब्ल्यूएस. प्रत्येक शाखेत ५ टक्के जादा जागा, ट्यूशन फी माफ, निवड निव्वळ गुणवत्तेवर. खुल्या प्रवर्गातल्या गरीब पण हुशार मुलासाठी याहून चांगली सोय नाही, आणि हीच सगळ्यात जास्त वाया जाते. कारण नुसतं अर्जात 'हो' लिहून ती मिळत नाही. त्या जागेचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी टी असलेला. ऑप्शन फॉर्ममध्ये तो स्वतंत्र पर्याय म्हणून टाकावा लागतो. शाखेचा साधा कोड टाकला आणि टी वाला टाकलाच नाही, तर अर्ज मंजूर असूनही पूर्ण फी.

अजनीवाला | मंगळवार, रात्री ९:५०

आन् त्याले तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागते. कंपनीचं फॉर्म १६ चालत नाही.

धरमपेठची_मुक्ता | बुधवार, सकाळी १०:१५

वैनगंगा, तुमच्या सोमवारच्या प्रश्नावर. दहावीच्या मुलांसाठी एका पानाचा मजकूर करूया का? चारच गोष्टी : बारावी कुठून दिली तर जोसाचं होम स्टेट कोणतं, मेडिकलचा ८५ टक्के कोटा कोणाला, होम युनिव्हर्सिटीचे जिल्हे, आणि वैधतेचा अर्ज कधी. कॅपचे फेऱ्यांचे नियम त्यात नकोत, ते दरवर्षी बदलतात. हे चार मात्र अकरावीच्या प्रवेशाआधी हातात हवेत. मसुदा मी आज रात्री इथेच टाकते, मेडिकलचा भाग मेडिकल_चौक यांनी तपासावा.

वैनगंगा | बुधवार, सकाळी १०:४०

टाका ताई. फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षेला सगळी मुलं शाळेत येतात, तेव्हा वाटलं तर प्रत्येकाच्या घरी जाईल. मार्चनंतर वाटू नका, तोवर क्लासचे फॉर्म भरून झालेले असतात. आणि चंद्रपूर-गडचिरोलीसाठी होम युनिव्हर्सिटीची ओळ वेगळी छापा, नागपूरचीच छापून पाठवली तर मुलं चुकीचा स्तंभ वाचतील.

मेडिकल_चौक | बुधवार, दुपारी १२:०५

तपासतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांचा अपवाद त्यात नक्की घाला. अजनी, वायुसेनानगर, कामठी इथे बदलीवर आलेली कुटुंबं बरीच आहेत आणि त्यांची दहावी बहुधा बाहेरची असते. पालकांच्या बदलीचा आदेश आणि महाराष्ट्रात रुजू झाल्याचं कार्यालयाचं पत्र, हे दोन कागद त्यांनी बारावीतच काढून ठेवावेत.